नुसता मुलामा!

"लग्नाच्या हॉलमधलं वाटतंय ना गं?"

टीममधल्या मित्राने कानाशी येऊन विचारलं आणि मला फिस्सकन हसू आलं. कारण अगदी तेच माझ्याही मनात आलं होतं. लंडनमधलं एक लिलावगृह. लिलावाआधी दोन-तीन दिवस वस्तू लोकांना बघायला ठेवतात, त्या दालनात आम्ही उभे होतो. ऑफिसच्या कामासाठी आलेलो, रविवार मोकळा, बाहेर पाऊस आणि आत प्रवेश फुकट. मराठी माणसाला कुठेही शिरायला एवढी कारणं पुरतात.

समोरच्या टेबलावर जोडीने उभे होते दोन कँडेलाब्रा. म्हणजे अनेक फांद्यांचे मेणबत्तीदान. आपल्याकडे जुना शब्द आहे, शमादान. खाली पांढऱ्या संगमरवराचा गोल चौथरा, त्याला सोनेरी मण्यांची माळ. चौथऱ्यावर एक ग्रीक पेहरावातली मुलगी, तिच्या हातात फुलांचा झुबका आणि त्या झुबक्यातून निघालेल्या तीन फांद्या. प्रत्येक फांदीच्या टोकाला मेणबत्तीसाठी वाटी. संगमरवर सोडला तर सगळं सोनेरी. उंची दीड-पावणेदोन फूट. अंदाजे किंमत माझ्या तीन महिन्यांच्या पगाराएवढी.

खरं सांगते, पहिल्या नजरेत मला ते मुळीच आवडले नाहीत. बँक्वेट हॉलमध्ये नवरा-नवरीच्या सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना असतात ना, त्यांचे श्रीमंत चुलत भाऊ वाटले. खाली कार्ड होतं. त्यावरचा मजकूर मराठीत आणायचा तर असा, 'लुई सोळावा स्टाइल, फ्रेंच, १९व्या शतकाचा उत्तरार्ध. संगमरवर आणि सोन्याचा मुलामा दिलेलं ब्राँझ. जोडी.'

"म्हणजे नुसता मुलामाच की!" मित्र म्हणाला आणि पुढे सरकला. त्याला घड्याळं बघायची होती.

मी मात्र अडकले. त्या शब्दातच अडकले. 'मुलामा' अरबी-फारसीच्या वाटेने मराठीत आला आणि इथे येऊन पार बदनाम झाला. एखाद्याचं वागणं खोटं असेल तर तो 'वरवरचा मुलामा'. प्रेझेंटेशनमध्ये दम नसेल तर बॉस म्हणतो, "मुलामा छान आहे, आत काय आहे?" मुलामा म्हणजे स्वस्तात मारलेली चमक, असं आपण धरूनच चालतो. आणि इथे तोच शब्द कार्डावर अभिमानाने छापलेला!

आमच्या या पानाचा नियम ठरलेला आहे. वस्तू आवडो न आवडो, तिची कुंडली मांडायची. तर मांडूया.

कार्डावरचा सगळ्यात महत्त्वाचा शब्द 'लुई' नाही, 'स्टाइल' आहे. नुसतं 'लुई सोळावा' असं लिहिलं असेल तर वस्तू त्याच्या काळातली, म्हणजे ढोबळमानाने १७७४ ते १७९२ मधली. पुढे 'स्टाइल' लागलं की घाट त्या काळचा, वस्तू नंतरची. एका शब्दाने किमतीतली शून्यं कमी-जास्त होतात.

आणि गंमत म्हणजे मुळातला लुई सोळावा घाटसुद्धा रेट्रोच होता. व्हेसुव्हियस ज्वालामुखीने इसवी सन ७९ मध्ये गाडलेल्या हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये सुरू झालं, पॉम्पेईचं १७४८ मध्ये. रोमन घरं, भिंतींवरची चित्रं, ब्राँझचे दिवे आणि तिवया बाहेर यायला लागल्या. त्यांची चित्रं छापून युरोपभर गेली आणि फॅशन फिरली. तोपर्यंत पॅरिसमध्ये रोकोको जोरात होता. शंख-शिंपले, वेलांट्या, एकही रेघ सरळ नाही. त्याऐवजी आता सरळ खांब, द्राक्षवेली, मेंढ्याची शिंगं, मण्यांच्या माळा, ग्रीक मुली. यालाच निओक्लासिकल म्हणतात.

मग शंभर वर्षांनी रेट्रोचं रेट्रो झालं. तिसऱ्या नेपोलियनची राणी युजेनी ही मारी आंत्वानेतची जबरदस्त फॅन. तिच्यामुळे लुई सोळावा घाट पुन्हा दिवाणखान्यात आला. आपण नाही का जुन्या वाड्याच्या दाराला काच बसवून कॉफी टेबल करत? तसंच. आमच्यासमोरची जोडी याच लाटेतली.

एवढ्यात एप्रन घातलेले, पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ जवळ आले. वस्तू हलवणं-मांडणं हे त्यांचं काम. "उलटा करून दाखवू का?" त्यांनी विचारलं. मला वाटलं चेष्टा करतायत. पण त्यांनी हातमोजे चढवले, एक कँडेलाब्रा गादीवर आडवा केला आणि तळ माझ्यासमोर धरला.

तळाशी सोनं नव्हतंच! आत पिवळट-तपकिरी उघडा धातू, त्यावर सोनेरी ओघळ, हाताने कापलेल्या आट्यांचे स्क्रू. "वीज लावून केलेला मुलामा कोपऱ्या-कोपऱ्यात सारखा बसतो," ते म्हणाले. "हा ब्रशने लावलाय. जिथे दिसणार तिथेच. हा बहुतेक पाऱ्याचा असावा."

पाऱ्याचा?

मग नंतर मी बरंच वाचून काढलं. ती पद्धत अशी. आधी नमुना, मग वाळूच्या साच्यात धातूचं ओतकाम. साच्यातून निघालेला तुकडा ओबडधोबड असतो. तो सिझलरच्या हाती जातो. हा छिन्नी-कोरणीवाला माणूस पानाची एकेक शीर, केसांची एकेक बट धातूत उठवतो. मग मुलामेवाला. तो सोनं पाऱ्यात विरघळवतो, साधारण एक भाग सोन्याला आठ भाग पारा. जास्तीचा पारा चामड्यातून पिळून काढला की लोण्यासारखा गोळा उरतो. ब्राँझला आधी पारा आणि नायट्रिक ॲसिडचं पाणी फासायचं, मग तारेच्या ब्रशने तो गोळा चोपडायचा. आणि मग निखाऱ्यावर धरायचं.

पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो. वाफ होऊन उडून जातो आणि सोनं धातूवर चिकटून राहतं. असे एकावर एक थर. शेवटी काही भाग अकीक किंवा हेमाटाइटच्या दगडाने घासून आरशासारखे करायचे. काही भाग क्षारांचा लेप देऊन, तापवून, गार पाण्यात बुडवून मुद्दाम मॅट ठेवायचे. अशा वस्तूंना इंग्रजीत ओर्मोलू म्हणतात. फ्रेंचमधल्या 'दळलेलं सोनं' अशा अर्थाच्या शब्दांवरून ते नाव पडलंय.

म्हणजे हिशेब उलटाच निघाला. आतलं ओतकाम त्यातल्या त्यात स्वस्त. पैसा आणि कसब लागायचं ते वरच्या कामाला, कोरणीला आणि मुलाम्याला.

बरं, पण हा सगळा खटाटोप कशासाठी? नुसता श्रीमंतीचा शो? तसं नाही. त्या गृहस्थांनी मला मोबाइलचा टॉर्च लावायला सांगितला. "वरून नको, बाजूने धरा. आणि हलवा." मी हलवला आणि थबकले. छतावरच्या पांढऱ्या दिव्यांत जे भडक, सपाट दिसत होतं ते बदललं. मुलीचे गाल आणि दंड मॅट होते, ते त्वचेसारखे मऊ दिसायला लागले. वस्त्राच्या कडा आणि मण्यांची माळ चकाकत होती, उजेड त्यांच्यावरून पळत होता. फुलांचा झुबका चक्क हलतोय असं वाटलं.

एका मेणबत्तीचा उजेड साधारण १२ ल्युमेन. जुन्या ६० वॅटच्या पिवळ्या बल्बचा ७००-८००. म्हणजे एका बल्बसाठी साठेक मेणबत्त्या लागतात! विजेआधीच्या माणसाला उजेड काटकसरीने वापरावा लागायचा. म्हणून कँडेलाब्रा शेकोटीवरच्या फळीवर, जोडीने, मध्ये घड्याळ आणि मागे मोठा आरसा. आरशाने उजेड दुप्पट व्हायचा, सोन्याने तो खोलीभर उडवायचा. तो मुलामा म्हणजे त्या काळचा रिफ्लेक्टर होता. आपण त्याला ट्यूबलाइटखाली बघतो आणि म्हणतो, काय हे लग्नाच्या हॉलसारखं!

आता मला खऱ्या लुई सोळाव्या काळातलं काम बघायचं होतं. मित्र कुरकुरत का होईना, सोबत आला. ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागे, मँचेस्टर स्क्वेअरमध्ये वॉलेस कलेक्शन आहे. हर्टफर्ड हाउस नावाचा वाडा, १९०० पासून म्युझियम, प्रवेश इथेही फुकट. अठराव्या शतकातल्या फ्रेंच वस्तूंचा इथे खजिना आहे. मी शोधत होते ती वस्तू पिएर गुतिएरची.

गुतिएर जन्मला १७३२ मध्ये, १७५८ मध्ये पॅरिसमध्ये मुलामेवाल्यांचा मास्टर झाला. मॅट मुलाम्याचं तंत्र नावारूपाला आणण्याचं श्रेय त्याला देतात. वॉलेसमधली त्याची वस्तू कँडेलाब्रा नाही, धूपदाणी आहे. जास्पर नावाच्या दगडाचं भांडं, त्याला सॅटरच्या मुखवट्यांची सोनेरी तिवई, द्राक्षवेली आणि मधोमध वेटोळं घातलेला साप. सापाचे खवले मोजता येतील असे. ही आधी ड्यूक दोमोंकडे होती. तो गेल्यावर १७८२ च्या लिलावात मारी आंत्वानेतने घेतली, १२,००० लिव्र मोजून.

तेव्हा पॅरिसमधल्या साध्या मजुराची दिवसाची कमाई साधारण एक ते दीड लिव्र. कॅल्क्युलेटर मित्राने काढला. एकही सुट्टी न घेता बावीस ते तेहतीस वर्षं! आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प.

आणि ज्याने ती घडवली त्याचं काय झालं? गुतिएरची मोठी गिऱ्हाईक मादाम द्यु बारी, पंधराव्या लुईची शेवटची प्रेयसी. बड्या गिऱ्हाइकांची बडी उधारी. राज्यक्रांतीच्या आधीच गुतिएर दिवाळखोरीत गेला. डिसेंबर १७९३ मध्ये द्यु बारी गिलोटिनखाली गेली आणि तिच्या वारसांकडून पैसे वसूल करायला तो कोर्टात झगडत राहिला. १८१३ मध्ये वारला तेव्हा तो गरीब होता. आपलं पेमेंट ३० दिवस लांबलं तर आपण किती मेल टाकतो, आठवा.

पण गुतिएरचं निदान नाव तरी उरलं. मला छळत राहिली ती दुसरीच गोष्ट. ती निखाऱ्यावरची वाफ.

पाऱ्याची वाफ दिसत नाही, तिला वास नाही. मुलामेवाला ती दिवसभर नाकाने आत घ्यायचा. हळूहळू हात थरथरायला लागायचे. हिरड्या सुजायच्या, दात पडायचे. विसरायला व्हायचं, चिडचिड व्हायची. ज्याची सगळी कमाई हातांच्या स्थिरपणावर, त्याचेच हात जायचे. आणि हे कुणाला माहीत नव्हतं असं नाही. इटलीतल्या बर्नार्दिनो रामाझिनी या डॉक्टरने कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं, त्यात मुलामेवाल्यांची ही दशा नोंदवलेली आहे. वर्ष १७००. म्हणजे मारी आंत्वानेतने धूपदाणी घेतली तेव्हा ही माहिती छापून ऐंशीहून जास्त वर्षं झाली होती.

सगळ्यांना माहीत, कुणालाच घाई नाही. ऑफिसात असे विषय कसे 'पेंडिंग' राहतात ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग एका बॉसने काहीतरी केलं. आंत्वान-आंद्रे राव्रियो हा नेपोलियनच्या काळातला मोठा ब्राँझवाला, जन्म १७५९. राजवाड्यांना माल पुरवायचा, फावल्या वेळात कविता करायचा. मुलामेवाल्यांचे थरथरते हात त्याने आयुष्यभर जवळून पाहिलेले. १८१४ मध्ये तो गेला आणि मृत्युपत्रात त्याने ३,००० फ्रँक ठेवले. मुलामेवाल्यांना पाऱ्यापासून वाचवण्याचा उपाय जो शोधेल त्याला बक्षीस म्हणून. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने स्पर्धा लावली. जिंकला रसायनशास्त्रज्ञ दार्से. त्याचा उपाय त्याने १८१८ मध्ये पुस्तकरूपाने छापला आणि तो भलताच सोपा होता. भट्टीवर काचेचा पडदा असलेली बंदिस्त चूल, आणि धुराड्यात आणखी एक छोटी शेगडी पेटवायची. तिच्या गरम हवेने धुराड्याला ओढ लागते आणि विषारी वाफ माणसाच्या नाकाऐवजी वर खेचली जाते. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये आपण जी फ्यूम हूड पाहिली, तिच्या पूर्वजांत ही चूल मोजतात.

मला हा राव्रियो आवडला. आणि त्याचा थोडा रागही आला. जिवंतपणी काय करत होता? पण मग वाटलं, बाकीच्यांनी मरतानाही काही केलं नाही. त्याने निदान ते कागदावर आणलं, पैसे लावले आणि प्रश्न शास्त्रज्ञांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

यापुढची गोष्ट जरा टोचते. १८४० मध्ये बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी विजेने मुलामा चढवण्याचं पेटंट घेतलं. त्यात पारा नाही. (सायनाइड होतं, तो वेगळा विषय.) स्वस्त, झटपट, सारखा थर. म्हणजे पाऱ्याचं काम तिथेच संपायला हवं होतं ना? नाही संपलं. विजेच्या मुलाम्याला ती मऊ, खोल मॅट झाक येत नाही, असं शौकिनांचं म्हणणं. म्हणून १९व्या शतकाच्या उत्तरार्धातही पॅरिसमधल्या भारी दुकानांत पाऱ्याचा मुलामा चालूच राहिला. पर्याय होता. गिऱ्हाइकाला जुनीच झाक हवी होती.

लिलावगृहातली आमची जोडी त्याच काळातली. तिचा मुलामा खरंच पाऱ्याचा असेल, तर ती हौसेखातर कुणीतरी निखाऱ्यापुढे बसून केलेली आहे. त्याच्या डोक्यावर दार्सेची चूल होती की नव्हती, ते कार्डावर लिहिलेलं नसतं. कार्डावर लुईचं नाव असतं.

असो. आता थोडं कामाचं. कुठे परदेशात लिलाव बघायला गेलात, किंवा मुंबईत चोरबाजारच्या मटण स्ट्रीटवर फिरताना असं काही दिसलं, तर लक्षात ठेवा.

'स्टाइल' हा शब्द आधी शोधा. तो असेल तर किंमतही 'स्टाइल'चीच द्या. जोडी आहे का ते बघा, एकट्या कँडेलाब्राला सहसा जोडीच्या निम्मीही किंमत येत नाही. वस्तू उलटी करून दाखवायला सांगा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. आत, तळाशी, फांद्यांच्या मागे सगळीकडे एकसारखं पिवळंजर्द सोनं असेल तर तो विजेचा मुलामा असण्याची शक्यता जास्त. वाट्यांच्या बुडाला भोकं दिसली तर मध्ये केव्हातरी बल्ब बसवलेले असणार. संगमरवराच्या कडा बोटाने चाचपा, टवके तिथेच उडतात.

आणि घेतलाच, किंवा कुणाच्या आजोबांच्या कपाटात सापडला, तर हात जोडून विनंती. पितांबरी लावू नका! चिंच नको, लिंबू नको, राख नको. पितळेच्या समईला जे चालतं ते इथे चालत नाही. सोन्याचा थर अगदी पातळ, घासलात की गेला. आणि लिंबू तर संगमरवरही खातं. मऊ, कोरडा ब्रश फिरवा, बस्स.

आम्ही काही घेतलं नाही, हे सांगायला नकोच. तीन महिन्यांचा पगार! पण निघताना मित्र पुन्हा त्या टेबलाकडे जायचं म्हणाला. वॉलेसमधून उलट पावली परत, लिलावगृह बंद व्हायला दहा मिनिटं. त्याने स्वतःचा मोबाइल काढला, टॉर्च लावला आणि बाजूने धरून हळूहळू फिरवला. बराच वेळ फिरवत होता.

"काय रे, हॉलमधलं वाटतंय का अजून?" मी विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला. "ज्याने केलं त्याचे हात शेवटपर्यंत नीट राहिले असतील का, ते बघतोय. मण्यांत कुठे थरथर दिसते का."

मीही वाकून बघितलं. माळ एकसारखी होती. एकही मणी हललेला नव्हता.

पुढच्या आठवड्यात भेटू, दुसऱ्या वस्तूसोबत.